सहा तारा, सहा शेळ्या

माझा मामा पुण्यात मुलांच्या एका वसतिगृहावर वॉचमन होता. शेवटची परीक्षा देऊन मुलं आपापल्या गावी गेली की खोल्यांमध्ये जे काही मागं उरायचं ते पोत्यात भरून तो आमच्या वस्तीवर आणायचा. त्याच्या मते प्रत्येक वस्तू ‘एकदम चालू’ असायची. अशा रीतीनं आमच्या घरात दोन डाव्या पायांचे बूट आले, बल्ब नसलेला एक टेबललॅम्प आला, आणि कुठल्यातरी अनोळखी मुलानं जिंकलेला कॅरमचा करंडक आला. करंडकात आई मीठ ठेवायची. अजूनही ठेवते. मी अकरावीला होते त्या वर्षी दिवाळीला मामा पोतं न घेता आला. त्याच्या पाठीवर चादरीत गुंडाळलेलं, मधेच कमरेत बारीक असलेलं काहीतरी होतं, आणि आमचं कुत्रं आयुष्यात पहिल्यांदा मामावर भुंकलं.

चादर सोडली तर आत गिटार. आईनं ती दोन्ही हातांवर तोलली, उलटी केली, बोटानं ठोकली आणि मधल्या गोल भोकातून आत डोकावली.

“ह्याच्यात किती मावंल रे?”

“ताई, ह्याच्यात काय ठिवत न्हाईत. वाजवतेत.”

“मग हे भोक कावून ठिवलंय?”

आईनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की भोक जरा मोठं केलं तर खुडूक कोंबडी बसवायला ही पेटी बरी आहे. कोंबडीला ऊब राहील आणि मांजराचा हात पोचणार नाही. हा बेत तिनं इतक्या सहज बोलून दाखवला की मी घाबरून गिटार उचलली आणि म्हणाले, “ही माझी हाय.” मला ती का हवी होती हे मी आजही नीट सांगू शकत नाही. मी हौशी मुलगी नव्हते. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर मी कामांच्या याद्या करायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची, एवढीच माझी करमणूक. पण त्या घरात जे काही होतं ते सगळं कशाला ना कशाला उपयोगी होतं आणि म्हणून सगळ्यांचं होतं. पहिल्यांदाच अशी एक वस्तू आली होती की जिचा कुणालाच काही उपयोग नव्हता. ती माझी होऊ शकत होती.

मामानं मधे तोंड घातलं. म्हणाला, तुम्हाला नको असली तर मी परत नेतो, आमच्या वॉर्डनची पोरगी कधीची मागतीय. आईला निकाल द्यायला आवडायचं. तिनं तिथंच दिला. चैत्रात वस्तीच्या यात्रेला मामा पुन्हा येणार होता. तोवर मी एक गाणं बसवायचं. कोणतंही चालेल. पण ते काय आहे हे न सांगता आईला ओळखू आलं पाहिजे. ओळखू आलं तर पेटी माझी, नाही आलं तर वॉर्डनच्या पोरीची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दारात बसून तळहातावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “न्याय बराबर हाय.” आबा शेळ्या राखायचे. दिवसभर रानात बोलायला कुणी नसल्यामुळं घरी आल्यावर त्यांच्याकडून एका संध्याकाळी तीन शब्द निघाले तरी खूप. त्या दिवसाचे त्यांचे शब्द असे संपले.

गिटारीसोबत एक पुस्तकही आलं होतं. त्याला कव्हर नव्हतं, आणि पहिली अठरा पानंही नव्हती. एकोणिसाव्या पानावरचं पहिलं वाक्य मला आजही पाठ आहे: ‘आता तुमची गिटार सुरात लागलेली आहे, तेव्हा पुढे जाऊ.’ मी पुढं गेले. पुस्तकात सांगितलेलं सगळं यादीत उतरवलं: डाव्या हाताची नखं कापणे, पाठ ताठ ठेवणे, रोज अर्धा तास, बोटं चित्रातल्याप्रमाणे. प्रत्येक गोष्टीवर आठ दिवसांत रेघ मारली. आवाज मात्र बादलीत चमचे पडावेत तसा यायचा. बोटांच्या टोकांना फोड आले. आई त्यांना हळद-तेल लावायची आणि लावता लावता म्हणायची, “सकाळपास्नं संध्याकाळपत्तोर खुरपं धरलंस तवा फोड आला न्हाई, आन ह्या तारंनं आला व्हय?”

आमची वस्ती युसूफ वडगावपासून चालत पाऊण तासावर. दिवाळी झाली की बहुतेक घरं ऊसतोडीला जायची. बैल, पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन गाड्या निघाल्या की दारांना कुलपं लागायची ती पाडव्याच्या आसपास निघायची. मागं राहायचे म्हातारे, आणि शेळ्या असल्यामुळं आमच्यासारखी दोन-चार घरं. इतकी शांतता असायची की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते फोडणीच्या आवाजावरून कळावं. त्या शांततेत माझी गिटार पार ओढ्यापर्यंत ऐकू जायची. एका म्हाताऱ्यानं आबांना निरोप पाठवला की तुमच्या विहिरीवरची मोटार लई कुरकुरतीय, जरा वंगण द्या. आबांनी निरोप शब्दशः माझ्यापर्यंत पोचवला.

पौषात सर्वांत बारीक तार तुटली. सायकलच्या दुकानातल्या माणसानं ब्रेकच्या वायरीतला एक धागा सोडवून दिला. तो बसला, वाजला, आणि दर आठवड्याला तुटत राहिला. त्यामुळं माझ्या यादीत ‘धागा आणणे’ या कामावर कधीच कायमची रेघ बसली नाही. पण खरी अडचण तारेची नव्हती. खुंट्या पिळायच्या कुठपर्यंत, हेच मला कळत नव्हतं. ते त्या अठरा पानांत होतं. मला स्वतःला सुराचा कान नव्हता, आजही नाही. दोन आवाज शेजारी शेजारी ठेवले तर कोणता उंच ते मला सांगता येतं. एकटा आवाज माझ्या डोक्यात मिनिटभरही टिकत नाही.

इथं आबांच्या घंट्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या तीसेक शेळ्यांपैकी सहा जणींच्या गळ्यात पितळी घंट्या होत्या. कळपात पुढं चालणाऱ्या, मागं रेंगाळणाऱ्या आणि नजर चुकवून दुसऱ्याच्या रानात शिरणाऱ्या अशा त्या सहा. आबा लिंबाखाली डोळे मिटून पडलेले असायचे आणि तिथूनच हाक मारायचे, “मोरे, माघारी फिर!” ते ओळखायचे आवाजावर. म्हणून घंटी घ्यायला बाजारात गेले की दुकानदार वैतागायचा. आबा एकेक घंटी कानाशी नेऊन हलवायचे, खाली ठेवायचे, पुन्हा पहिली उचलायचे. दोन घंट्यांचा आवाज सारखा चालायचा नाही, आणि एकमेकींना खाणाराही चालायचा नाही. “दिसभर मलाच ऐकायचंय ना,” ते म्हणायचे. आठ-दहा वर्षांत एकेक करून त्यांनी त्या सहा जमवल्या होत्या.

माघात एका संध्याकाळी मी खुंट्या पिळत बसले होते आणि आबा शेळ्या वाड्यात कोंडत होते. ते थांबले. म्हणाले, “त्या जाड्या तारंला बोडकी लाव.”

मला वाटलं थट्टा करतात. बोडकी म्हणजे आमची बिनशिंगांची, वयानं थोराड शेळी. पण आबांनी तिला कानाला धरून माझ्यासमोर आणली आणि घंटी हलवली. “वाजव तार. आजून उतरव. आजून. हां, हीच.”

“आबा, घंटीचा आवाज बारीक हाय की. तार तर घोगरी हाय.”

“ती पोरगी हाय, हा बाप हाय. बोलतेत एकच.”

त्या संध्याकाळी सहाच्या सहा तारा लागल्या. बोडकी, भुरी, मोरी, लंगडी, टिकली आणि ब्रेकच्या धाग्याला चांदी. शेवटी मी सहाही तारांवरून अंगठा फिरवला, आणि आई चुलीपासून उठून दारात आली. “काय झालं?” तिनं विचारलं. काहीच झालं नव्हतं. पहिल्यांदा बरा आवाज आला होता, इतकंच. तो आमच्या कळपासारखा वाजत होता, संध्याकाळी ओढा चढून येताना वाजायचा तसा.

पुस्तकाचा मात्र आता काही उपयोग उरला नाही. चित्रातल्याप्रमाणे बोटं ठेवली की पुन्हा बादलीत चमचे. अर्थात, पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या शेळ्या पाहिल्या नव्हत्या. मग मी माझी पद्धत काढली. आबांची चुन्याची डबी डाव्या हातात धरून तारांवर टेकवायची आणि पुढं-मागं सरकवायची. टिकलीच्या तारेवर गाणं चालायचं, बाकीच्या पाच नुसत्या साथीला. परवा मोबाईलवर पाहिलं, तर जगाच्या पलीकडच्या टोकाला लोक बोटात काचेची नळी घालून अगदी असंच वाजवतात आणि टाळ्या घेतात. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. डबीचा आवाज जास्त गोड होता असं माझं ठाम मत आहे.

गाणं मी निवडलं आईचंच. ती धान्य निवडताना एक ओवी म्हणायची, नेहमी तीच. आपण गातोय हे तिच्या लक्षातही नसायचं. जे रोज तिच्या तोंडात आहे ते ती ओळखणार नाही असं कसं होईल, असा माझा व्यावहारिक हिशेब होता. ती समोर नसताना मी बसवायची. तारा रोज उतरायच्या, त्यामुळं सहा शेळ्यांची फेरी रोजची. आणि शेळी हा सांगितलेलं ऐकणारा प्राणी नाही. एरवी दिवसभर मान हलवणारी लंगडी मी गिटार घेऊन समोर बसले की दगडासारखी उभी राहायची. मी वहीत लिहून ठेवलं होतं: मोरी पेंड दाखवल्यावर, भुरी कानात फुंकल्यावर, लंगडीसाठी माशी बसेपर्यंत थांबणे.

यात्रेला तीन दिवस उरले असताना मी कॉलेजातून आले तर त्या दिवशी घरीच बांधून ठेवलेली टिकली खुंट्याशी नव्हती. आईनं ती विकली होती. घाटनांदूरचा एक माणूस आपल्या वडिलांसाठी दुधाची शेळी शोधत टेम्पो घेऊन आला होता, टिकली त्याच्या नजरेत भरली, आणि आबांनी तिला विकायचं आधीच ठरवलेलं असल्यामुळं आईनं देऊन टाकली. एवढं सगळं ठीक होतं. पण आईच्या हातात शेणाचं टोपलं होतं आणि टेम्पोवाला घाई करत होता, म्हणून तिनं टिकलीला जशी होती तशी चढवली. दाव्यासकट आणि घंटीसकट.

बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळणार नाही. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, घंटी द्यायची नाही. ती काढून घ्यायची, आणि घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आपलं दावं गेलं की गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाते, असं मानतात. आबा संध्याकाळी आले, कळप मोजला नाही, नुसता ऐकला, आणि म्हणाले, “टिकलीची घंटी कुठाय?”

आई परातीत पीठ मळत होती. ती मळतच राहिली.

“घंटी दिलीस?”

“घाईत ऱ्हायली वो काढायची.”

“दावं बी?”

“गळ्यातच हुतं ना ते. शेळी काय हातात धरून देऊ?”

मी रडकुंडीला येऊन ओरडले, “आये, मुद्दाम केलंस तू! माझी तार हुती ती!”

“मला काय ठाव तुझ्या पेटीचा जीव टिकलीच्या गळ्यात हाय म्हणून?”

तिनं मुद्दाम केलं नव्हतं, हे आता मला पक्कं माहीत आहे. मी स्वतः दीडशे मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघते आणि हातात टोपलं असताना काय काय राहून जातं याची माझ्याकडे मोठी यादी आहे. पण तेव्हा मी दोन घास खाऊन उठले. आबांनी आठवणीवरून तार लावून बघितली. खुंटी इकडं पिळली, तिकडं पिळली आणि सोडून दिली. “वाजली तर वळखीन. पर आपल्या मनानं काढता येईना.” मग म्हणाले, “उद्या घाटनांदूरला जायचं. पेटी घे संगं.” त्यांना दावं आणि घंटी हवी होती बरकतीसाठी, मला हवी होती तारेसाठी. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

सकाळच्या एसटीत गिटार मी मांडीवर उभी धरली होती, पोत्यात घालून, वर सुतळी बांधून. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

“काय हाय त्यात?”

“पेटी हाय,” आबा म्हणाले.

“पेटीला मान असती का बे?”

“हिला हाय.”

कंडक्टरनं पोतं चाचपलं, आतून बोडकीची तार घुमली, आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं आपलं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं. पुढं घाटनांदूरपर्यंत आमच्या शेजारी कुणी बसलं नाही.

टिकलीचे नवे मालक, म्हणजे तिला घेऊन गेलेल्या माणसाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, रेल्वेतून रिटायर झालेले होते. स्टेशनाच्या मागं पत्र्याचं घर, पुढं शेवग्याचं झाड, झाडाला टिकली. आम्हाला बघून ती उठलीसुद्धा नाही. आबांनी रामराम घातला, चहा झाला, पावसाचं झालं, जावयाचं झालं, आणि मग आबांनी खिशातून एक दुसरी घंटी आणि नवं दावं काढून समोर ठेवलं. चुकून आमचं दावं-घंटी गेली, ती परत द्या, त्याबदल्यात हे घ्या, असं थोडक्यात सांगितलं.

नाना हसले. “पद्धत मला बी ठाव हाय. दावं न्या तुमी.” मग त्यांनी नवी घंटी उचलली, दोन बोटांत धरली आणि खिशातल्या किल्लीनं एकदा टिंग करून वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. “ही घंटी मला नको. हिला तडा हाय.”

“तडा?” आबांनी घंटी उजेडात धरली. “कुठंय?”

“दिसणार न्हाई. पस्तीस वर्सं मी रुळावर चाललो, पावणं. हातोडा मारायचा आन ऐकायचं. चांगलं लोखंड गातंय, तडा गेला की बद्द बोलतंय. ही बद्द बोलती.”

आबांनी घंटी कानाशी नेली. खूप वेळ ऐकली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घंटीच्या बाबतीत हरलेलं पाहिलं. “बद्द हाय,” ते हळूच म्हणाले. “बाजारात गलका हुता.”

“तुमची जुनी बघा कशी गाती! रात्रीपास्नं ऐकतोय. मी न्हाई देत ती.” नानांनी विषय संपवला. “आन एवढं काय हाय हो त्या घंटीत? दावं न्या, बरकत आली घरी.”

आबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. मला वाटलं झालं, आता उठणार, आणि परवा गिटार वॉर्डनच्या पोरीकडे. आणि तेवढ्यात आबा, ज्यांनी आपल्या घरातली गोष्ट कधी चारचौघांत काढली नव्हती, खाली बघूनच म्हणाले, “पोरीच्या पेटीला पाहिजे. तिची तार टिकलीवर लागती. परवा तिच्या आयेला गाणं वळखू आलं न्हाई तर पेटी जाती.”

नानांच्या सुनेनं दारातूनच पदर तोंडाला लावला. शेजारचे दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले. नाना मात्र हसले नाहीत. म्हणाले, “सोड बघू पोतं.”

मी गिटार काढली आणि टिकलीच्या तारेची खुंटी पिळायला लागले. नाना एका हातानं घंटी हलवायचे आणि दुसऱ्यानं मला इशारा करायचे, गार्ड गाडीला करतो तसा. “चढव. चढव. दमानं! गेली पुढं. माघारी घे.” आबा दुसऱ्या बाजूनं, “जरा उतरव, जरा.” दोघांचं एकमत व्हायला बराच वेळ लागला, आणि झालं तेव्हा मी तार छेडली आणि टिकली उठली.

सकाळपासून आमच्याकडे बघायलाही तयार नसलेली टिकली दावं ताणून माझ्याकडे यायला लागली. मी तार सोडली, ती थांबली. पुन्हा छेडली, तिनं शेवग्याचं झाड हलवलं. नानांनी तिला पाला दाखवला, सुनेनं भाकरी दाखवली. तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा मी सहाही तारा एकदम वाजवल्या, तेव्हा ती बें करून असं काही ओरडली की कुंपणापाशी आता दोनाचे सात झाले.

“आगं थांबव ती पेटी!” नाना ओरडले. “दावं तुटंल!”

“तिला वाटतंय कळप आलाय,” आबा म्हणाले.

नाना टिकलीकडे बघत राहिले, मग घंटीकडे. “म्हणजे ही घंटी गळ्यात हाय तवर ही माझी व्हायची न्हाई.”

“म्हणून तर देत नसतेत.”

“असं हाय व्हय!” नानांनी स्वतःच टिकलीला नवं दावं बांधून जुनं आबांना दिलं, आणि घंटी सोडून माझ्या हातात दिली. “घे बाय. घंटी ने, पेटी बी ने, आन लगोलग ने. मला दूध पाहिजे, गाणं नको.” मग आबांना म्हणाले, “दुसरी घंटी आणा मला कधी. पर घ्यायच्या आदी मला दाखवा.”

परतीच्या एसटीत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तार उतरायची. मी पोत्यात हात घालून खुंटी पिळायची आणि दुसऱ्या हातानं घंटी हलवून ताडून बघायची. बसमधल्या एकानं शेवटी आबांना विचारलं, पोरीला कुठल्या देवाला नेलं होतं. आबा म्हणाले, “घाटनांदूरला.” त्यानं हात जोडले.

वस्तीवर पोचलो तर अंगणात मामा. यात्रेला गर्दी होते म्हणून दोन दिवस आधीच आला होता. बाजेवर बसून चहा पीत होता आणि शेजारी गिटार बांधायची दोरीसुद्धा तयार ठेवली होती. मी हात-पाय धुतले नाहीत. आई म्हणाली, “बघू, वाजव,” आणि सुपात ज्वारी घेऊन निवडायला बसली, म्हणजे फार काही होईल अशी तिची अपेक्षा नव्हती. आबा दारात बसले, चुन्याची डबी त्यांनी न मागता माझ्याकडे सरकवली.

मी वाजवलं. डबी तारांवर तडतडली. पहिली ओळ झाली. आईचं सूप हलत राहिलं. दुसरी ओळ झाली. मामानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जरा हळू. आई खडे वेचून बाजूला टाकत होती. तिसऱ्यांदा दुसऱ्या ओळीशी आले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तारा दिसेनाशा झाल्या होत्या, पण हात थांबवायचा नाही एवढं एकच मी ठरवलं होतं.

“आगं ते तसं न्हाई!” आई एकदम कातावून म्हणाली. सूप खाली आदळलं. “मघापास्नं ऐकतीय. दुसऱ्या वळीला वर कशाला जातीस? तिथं खाली उतरतंय ते.” आणि तिनं दुसरी ओळ म्हणून दाखवली, हातानं जिना उतरल्यासारखं करत. “असं. कळलं का?”

मामा म्हणाला, “ताई, वळखलंस तू.”

“कुठं वळखलं? चुकलंय म्हणाले मी.”

“काय चुकलंय ते वळखल्याबिगर चुकलंय कसं म्हणता येतंय?” आबा म्हणाले. त्या आठवड्याचे सगळे शब्द त्यांनी घाटनांदूरला खर्च केले होते, तरी एवढे उरले होते.

आईनं दोघांकडे पाहिलं. आपण फसलो की काय याचा तिनं नीट विचार केला. तिनं दिलेला निकाल तिला मागं घेता येत नव्हता, आणि न घेता राहवतही नव्हतं. शेवटी तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

“ऱ्हाऊ दे पेटी. पर माझी ववी आसली वाकडी वाजवत वस्तीवर हिंडायचं न्हाई. बस हितं. पुना दुसरी वळ.”

मी दुसरी ओळ वाजवली. चुकली. तिनं म्हणून दाखवली, मी वाजवली, ती पुन्हा चुकली. शेळ्या वाड्यात गेल्या, चूल विझली, तवा तसाच कोरडा राहिला. सतरा वेळा झालं तेव्हा मामा बाजेवरून जपून म्हणाला, “ताई, भाकरीचं काय?”

“थांब रे जरा,” आई माझ्या हाताकडे बघत म्हणाली. “आजून खाली उतरंना ही.”